दिवसभराची निवांत सहल तीन तासांत उरकली, त्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : पंचवटी-गोदाकाठ पायी सहलीचे तीन जणांचे 5,400 रुपये परत मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्या प्रतिनिधीशी आज चौथ्यांदा बोलून फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसले. यापुढे मी फोनवर बोलणार नाही. जे काय असेल ते लेखी कळवा.

सहलीचा कार्यक्रम तुम्हीच छापला आहे, तो तुम्हाला समजावून सांगत नाही. सकाळी 7 वाजता रामकुंड, संध्याकाळी नदीत दिवे सोडून समारोप, आणि मध्ये "कसलीही घाई नाही". त्या शब्दांवर विसंबून मी आई, माझी मुलगी आणि मी अशा तीन जागा घेतल्या. आई 72 वर्षांची. तिचं माहेर पंचवटीतलं. लग्न होऊन अकोल्याला गेली, पुढे माहेरचं घर विकलं गेलं आणि वीस वर्षांत तिचं गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदेवर, येणं झालं नाही. तिचे गुडघे दुखतात, म्हणून बसत-उठत फिरता येईल अशीच सहल मी शोधत होते. बुकिंग करताना हे स्पष्ट सांगितलं होतं. "आजींची काळजी करू नका" असं उत्तर मिळालं होतं.

रविवारी आम्ही 6:50 लाच होळकर पुलापाशी हजर होतो. तुमचा मार्गदर्शक 8:20 ला आला. वीस जणांची मर्यादा छापली आहे, आम्ही 43 जण होतो. रामकुंडावर सात मिनिटं मिळाली. आईने चपला काढल्या, पदर खोचला, एक पाय पाण्यात टाकला आणि मार्गदर्शकाने शिट्टी फुंकली. ओल्या पायांनी, चपला हातात घेऊन ती कपालेश्वराच्या पायऱ्या चढली.

तिथे मार्गदर्शकाने सांगितलं की इथला नंदी चोरीला गेला. कपालेश्वरासमोर नंदी का नाही, हे नाशिकच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. ब्रह्महत्येच्या पातकातून सुटण्यासाठी रामकुंडात स्नान करण्याचा मार्ग महादेवाला नंदीने दाखवला, म्हणून महादेवाने त्याला गुरू मानलं. गुरूला आपल्यासमोर वाहन म्हणून बसवत नाहीत. आईने हे अगदी हळू आवाजात सांगितलं. त्यावर त्रेचाळीस माणसांसमोर तो म्हणाला, "आजी, मध्ये बोलू नका, ग्रुप डिस्टर्ब होतो."

पुढे काळाराम मंदिर बाहेरूनच दाखवलं. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 2 मार्च 1930 ला जिथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, लोकांनी वर्षानुवर्षं तो चालवला, तिथे त्याबद्दल एक अक्षर नाही. मुलगी दहावीत आहे, तिला ते दार जवळून बघायचं होतं. वसईच्या विजयाची खूण असलेली नारोशंकराची घंटाही लांबूनच, बोटाने दाखवली.

नदीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी तर थांबलोच नाही. आईला तिथेच बसायचं होतं. 1969 च्या पुरात ती शाळेत होती. पाणी मारुतीच्या कुठवर चढलंय हे तिचे वडील सारखे बघून यायचे, घरी सगळे त्यांची वाट बघत बसायचे. आजही धरणातून पाणी सोडलं की नाशिकची माणसं एकमेकांना आधी हेच विचारतात, कमरेला लागलं की छातीला? हे सगळं आईला नातीला मारुतीसमोर उभं राहून सांगायचं होतं. ते तिने शिट्टीच्या मागे धावत, धाप लागलेली असताना सांगितलं, आणि नात मागे वळून वळून बघत राहिली.

साडेअकराला पैठणीच्या दुकानात नेलं. तिथे मात्र दोन तास. मग "सहल संपली". दिवे नाहीत, संध्याकाळ नाही.

आता आजचा फोन. मी आईचं माहेर, नंदी, शिट्टी सगळं सांगितलं. तुमची प्रतिनिधी म्हणाली, "मॅडम, आईंना नाशिक माहीतच होतं, तर मग सहल घेतलीच कशाला?" मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. तिने तेच वाक्य शब्दाशब्दाने पुन्हा म्हटलं, आणि वर, "देवळं तर सगळी बघून झाली ना?" फोन स्पीकरवर होता. आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "जाऊ दे गं, ठेव फोन," आणि उठून आत गेली. मी जाऊ देणार नाही.

याआधी चार सहली मी तुमच्याबरोबर केल्या आहेत. शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या मैत्रिणींना मीच तुमचं नाव सांगितलं. आज त्याची मला लाज वाटते. ज्याला नंदीची गोष्ट माहीत नाही आणि माहीत असलेल्या बाईला जो गप्प बसवतो, त्याच्या हाती तुम्ही गोदाकाठ कसा देता? आणि वीस म्हणून त्रेचाळीस माणसं कशी नेता?

पूर्ण 5,400 रुपये ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात 15 दिवसांत जमा करा. आईची लेखी माफी मागा, तिच्या नावाने, माझ्या नव्हे. तसं झालं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात अर्ज देणार. छापील कार्यक्रम, पावती आणि चारही फोनच्या वेळा जपून ठेवल्या आहेत.

पुढच्या महिन्यात आईला मी स्वतः गंगेवर नेणार आहे. माफीचं पत्र त्याआधी आलं पाहिजे.

तक्रारदार
(नाव व बुकिंग क्रमांक पावतीच्या सोबतच्या प्रतीवर)