पायऱ्यांवरच्या घोषणा छापता, सभागृहातले भाषणही छापा

महोदय,

नागपुरातले विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आटोपले की मी त्या दिवसांतले अंक पुन्हा चाळतो. सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात झाली, त्यामुळे आकडा दिसला की नजर थांबते. पण थांबावे असे हल्ली फारसे सापडत नाही. विधानभवनाच्या पायऱ्यांवर गळ्यात फलक अडकवून कोण बसले, कोणत्या आमदाराने तर्री-पोहे कुठे खाल्ले, मोर्चा कुठे अडवला, हे सगळे फोटोसकट असते. पुरवणी मागण्यांवर, म्हणजे अंदाजपत्रकाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्यांवर, कोण काय बोलले, ते मात्र ‘चर्चेअंती मंजूर’ एवढ्यात संपते.

अशा वेळी प्रा. बी. टी. देशमुख आठवतात. अमरावती पदवीधर मतदारसंघातून ते तीस वर्षे विधान परिषदेत होते. ‘अनुशेष’, म्हणजे विकासात मागे पडलेल्या भागाची साचलेली तूट, हा शब्द आज वरणात मीठ टाकावे तसा प्रत्येक भाषणात पडतो. सरांकडे तो हिशेबासकट यायचा. प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या 1984 च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष सुमारे 3,186 कोटी आणि त्यात विदर्भाचा 1,246 कोटी, म्हणजे 39 टक्के. माझ्या पिढीला हे आकडे तोंडपाठ आहेत, कारण देशमुख सर किंवा रामटेकचे अ‍ॅड. मधुकरराव किंमतकर यांच्यासारखे लोक ते पुन्हापुन्हा मांडत राहिले आणि वर्तमानपत्रांनी ते छापले. विदर्भासारख्या भागांच्या विकासाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकणारे राज्यघटनेचे कलम 371(2) म्हणजे काय, त्याखालची 1994 ची वैधानिक विकास मंडळे कशासाठी, निधीवाटपाबाबत राज्यपालांचे निर्देश कसे वाचायचे, हे मी पुस्तकातून कमी आणि अधिवेशनाच्या बातम्यांतून जास्त शिकलो. त्याच मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. त्यानंतर सभागृहात त्यावर कोण पोटतिडकीने बोलले, हे आज नागपूरच्या किती वाचकांना सांगता येईल? मला तरी नाही, आणि मी रोज दोन पेपर वाचतो.

नागपूर महापालिकेचेही तेच. आधी जकात होती, 2013 मध्ये तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, 2015 मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला आणि 2017 मध्ये जीएसटी आला. जकातीच्या नाक्यावर रोज जमा होणारा पैसा आता राज्याच्या तिजोरीतून भरपाई म्हणून येतो. 2016-17 हे वर्ष पायाभूत धरून दरवर्षी 8 टक्के वाढ, असे त्याचे गणित कायद्यातच आहे. शहर वाढते त्या वेगाला ही वाढ पुरते का? रस्त्याच्या खड्ड्यापर्यंत पोहोचणारा प्रश्न आहे हा, आणि तो विचारण्याची जागा, म्हणजे विधानभवन, सिव्हिल लाइन्समध्ये, आपल्या दारातच आहे. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि महापालिका जवळपास चार वर्षे प्रशासकाच्या हाती राहिली. त्या काळात शहराच्या अंदाजपत्रकावर बोलायला निवडून आलेला माणूस आमदाराखेरीज उरला नव्हता. ते बोलले की नाही, बोलले तर काय, याची नोंद वाचकापर्यंत यायला हवी होती. (74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतले, शहरांच्या कारभाराचे 18 विषय तर आता फक्त स्पर्धा परीक्षेची मुलेच पाठ करतात.)

आमदार बोलतच नाहीत, असे मला म्हणायचे नाही. काही नक्कीच अभ्यास करून येतात. पण राजदंड पळवणाऱ्याला पहिले पान आणि तरतुदींवर वीस मिनिटे बोलणाऱ्याला कोपराही नाही, असे असेल तर पुढच्या वेळी तोही फलकच घेऊन येईल.

माझी विनंती लहान आहे. पुढच्या अधिवेशनात रोज आतल्या पानावर एक चौकट द्यावी: पुरवणी मागण्या, महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद यांवर विदर्भातले कोणते सदस्य बोलले, कोणता आकडा मांडला आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिले. पक्षाचे नाव नसले तरी चालेल. जागा कमी पडत असेल तर तर्री-पोह्यांचा फोटो एखादा दिवस लहान करावा.

— जिल्हा परिषदेचा एक सेवानिवृत्त कर्मचारी, नागपूर