ते बंकर इंग्रजांचे नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अंदमानवरचा लेख वाचला. समुद्र निळा आहे, वाळू पांढरी आहे आणि पाणी नितळ आहे, ही माहिती तीन वेगवेगळ्या परिच्छेदांत मिळाली, त्याबद्दल आभार. पण पोर्ट ब्लेअरमधल्या कॉर्बिन्स कोव्ह किनाऱ्याच्या रस्त्यावरल्या बंकरच्या फोटोखाली ‘इंग्रजांच्या जुलमाचे मूक साक्षीदार’ असं छापलंय, ते कुणाच्या डोक्यातून आलं? ते बंकर जपान्यांचे आहेत. २३ मार्च १९४२ला जपानी तिथं उतरले, तोवर बहुतेक इंग्रजांनी गाशा गुंडाळला होता. पुढची साडेतीन वर्षं पोर्ट ब्लेअर हा जपानी नौदलाचा तळ होता. पाण्यावर उतरणारी त्यांची विमानं तिथून बंगालच्या उपसागरावर टेहळणी करायची. इंग्रज समुद्रातून परत येणार या धास्तीनं हे बंकर बांधले, म्हणून तर त्यांची तोंडं समुद्राकडे आहेत. तुम्हीच छापलेल्या फोटोत दिसतंय की ते!

लेखकमहाशय आत शिरले असतील असं वाटत नाही. मी शिरले होते, गुडघे दुखत असताना. चांगलं कमरेत वाकावं लागतं. जाड काँक्रीटची भिंत, तिच्यात समुद्राच्या बाजूला एक आडवी फट, पायाखाली ओली वाळू, तीत वेफर्सची पाकिटं, आणि वास असा की पदर नाकाला लावल्याशिवाय उभं राहवत नाही. भिंतीवर कोळशानं काढलेला बदाम आणि त्यात दोन नावं, चक्क मराठीत. आपली माणसं कुठं कमी पडत नाहीत. त्या फटीतून जरा समुद्र बघतेय तोच बाहेर आमच्या टूर मॅनेजरची शिट्टी वाजली. बंकरला म्हणे पाचच मिनिटं होती.

कंपनीचं नाव घेत नाही. पैसे मात्र त्यांनी भरपूर घेतले होते. मी त्या मुलाला विचारलं, हम्फ्रीगंजला कधी जायचं? तर म्हणाला, “काकू, तिथं बघण्यासारखं काही नाही हो, नुसतं एक स्मारक आहे.” नुसतं स्मारक! ३० जानेवारी १९४४ला जपान्यांनी ४४ माणसांना हेर ठरवून तिथं गोळ्या घातल्या. यातली बहुतेक माणसं इंडियन इंडिपेंडन्स लीगची, म्हणजे जपान्यांच्या मदतीनं देश स्वतंत्र करू पाहणारीच. त्याच दुपारी शिंपल्यांच्या माळांच्या दुकानात मात्र आम्हाला पाऊण तास मोकळं सोडलं होतं. सगळ्या बसनं खरेदी केली. मी बाहेर पायरीवर बसून होते.

या गोळीबाराच्या बरोबर महिनाभर आधी, ३० डिसेंबर १९४३ला, नेताजींनी जिमखाना मैदानावर तिरंगा फडकवला. तो प्रसंग तुमच्या लेखात चौकटीत आहे आणि तो असायलाच हवा. पण त्याच वेळी त्याच लीगचे डॉ. दिवाणसिंग सेल्युलर जेलमध्ये जपान्यांचे हाल सोसत होते, आणि १४ जानेवारीला ते त्यातच गेले. यावर लेखात एक ओळ नाही. सावरकरांच्या कोठडीसमोर आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाचे डोळे भरून आले, माझेही आले. पण आपला अंदमानचा इतिहास १९२१ला सावरकरांबरोबर बोटीत बसतो तो एकदम १९४७लाच उतरतो, त्याला काय म्हणायचं? मधे कुणी राहतच नव्हतं तिथं? जपानी व्हाइस अ‍ॅडमिरल हारा यांनी ऑक्टोबर १९४५मध्ये शरणागती पत्करली तीही त्याच जिमखाना मैदानावर. चौकटीत आणखी दोन ओळी मावल्या असत्या.

जागा नव्हती म्हणाल, तर लेखाखाली अर्धं पान अंदमान सहलीची जाहिरात आहे. रंगही तोच, टाइपही तोच. लेख कुठं संपला आणि ‘त्वरा करा’ कुठं सुरू झालं हे मला चष्मा पुसून बघावं लागलं. लेख जाहिरातदारानंच लिहून दिला असेल तर तसं खाली छापावं, म्हणजे आम्ही त्याच्याकडून इतिहासाची अपेक्षा ठेवणार नाही.

असो. फोटोओळीची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, वाचता येईल अशा अक्षरात छापावी. सुडोकूच्या उत्तरांखाली नको. आणि हे पत्र मागच्या वेळेसारखं मधूनच कापणार असाल, तर कृपया हम्फ्रीगंजचा परिच्छेद तेवढा ठेवा, माझे गुडघे कापले तरी चालतील.

आपली,
एक जुनी वर्गणीदार