दप्तरातली माणसं

ऑक्सफर्ड,
रविवार

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

नॉर्मनांनी इंग्लंड घेतल्यावर तिथल्या शेतकऱ्याचं नेमकं काय झालं, असं तू विचारलं होतंस. फोनवर ते मावलं नसतं. शिवाय तलाठ्याला हे सांगण्यात वेगळीच मजा आहे, कारण जे कळतं ते बरंचसं एका महसुली दप्तरातूनच कळतं.

१०६६ साली फ्रान्सच्या उत्तरेकडच्या नॉर्मंडीचा सरदार विल्यम याने हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि तो इंग्लंडचा राजा झाला. १०८५च्या नाताळात ग्लॉस्टरला दरबार भरवून त्याने देशभर पाहणी करायचं ठरवलं आणि पुढच्याच वर्षी ती झालीसुद्धा. (तुमच्या पुनर्मोजणीचं विचारत नाही.) पाद्री, गावचा कारभारी आणि गावातली सहा कुळं शपथेवर उभी करायची. नॉर्मनांच्या आधीच्या एडवर्ड राजाच्या वेळी जमीन कोणाची होती, आता कोणाची, नांगर किती, कुळं किती, गुलाम किती, रान, कुरण, गिरण्या किती, आणि शेवटी, यातून आणखी काही निघेल का? एक बैल, एक गाय, एक डुक्करही नोंदीतून सुटलं नाही, सांगायलाही लाज वाटते, असं त्या काळच्या इंग्रज बखरीत चिडून लिहिलंय. तेच हे डूम्सडे बुक, तेरा हजारांवर गावांचं.

त्यात वरची माणसं साफ बदललेली दिसतात. साधारण सहावा हिस्सा जमीन राजाची, पाव चर्चची, आणि निम्मी जेमतेम दोनशे सरदारांची. मोठ्या जमीनदारांत इंग्रज असे दोनच उरले, आर्डनचा थर्किल आणि लिंकनचा कोलस्वेन. सरदाराचा थाट म्हणशील तर मातीच्या उंच ढिगावर लाकडी गढी. तो ढीग अर्थात गावकऱ्यांनीच वेठीला जुंपून रचलेला. एकट्या लिंकनमध्ये किल्ल्यासाठी १६६ घरं गेली, तेही त्याच दप्तरात आहे. आत एक मोठा दिवाणखाना, जमिनीवर वाळलेलं गवत पसरलेलं, मधोमध चूल, धूर छपरातून वाट काढेल तसा. मालक उंच मेजावर जेवणार, शिपाईगडी खाली बाकांवर, आणि रात्री तेच तिथे आडवे होणार. आपण राजवाड्याची कल्पना करतो त्यापेक्षा हे बरंच भिकार आहे. आणि हे लोक एका जागी बसतही नसत. या जहागिरीवरचं धान्य-डुकरं संपली की लवाजमा पुढच्या जहागिरीवर.

खरा शौक शिकारीचा. विल्यमने रानंच्या रानं राखीव केली. हरीण मारणाऱ्याचे डोळे काढायचे, असा त्याचा कायदा. राजा हरणांवर बापासारखी माया करायचा, असा टोमणाही बखरीत आहे.

कुळाकडे साधारण तीस एकर, तेही एका ठिकाणी नाही, मोठ्या उघड्या शिवारात पट्ट्यापट्ट्यांनी विखुरलेले. जड नांगराला आठ बैल लागत. घरटी दोनच बैल, म्हणून चार घरांनी जोड्या जुळवून नांगरायचं. आठवड्यातले दोन-तीन दिवस मालकाच्या रानात वेठ, सुगीला आणखी. पोरीचं लग्न करायचं तर मालकाला पैसे. कुळ मेलं की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाचं. दळण त्याच्याच गिरणीत. काही गिरण्यांचा खंड तर वाम माशांत लिहिलाय, वर्षाला इतके शे वाम. जेवायला राय नाहीतर बार्लीची जाड भाकर, वाटाणे-कोबी-कांद्याचं घट्ट कालवण आणि घरी केलेली एल, म्हणजे एक प्रकारची बिअर. बटाटा अजून चारशे-पाचशे वर्षं लांब होता.

पण विनू, ही वेठ काही नॉर्मनांनी आणलेली नाही, आधीचीच होती. म्हणून ‘नॉर्मन आले आणि शेतकरी गुलाम झाला’ हे मला पटत नाही. उत्तरेतली गोष्ट वेगळी. तिथे बंड मोडायला १०६९-७० मध्ये विल्यमने गावं जाळली, धान्य जाळलं, माणसं भुकेने मेली. यॉर्कशायरच्या कित्येक गावांपुढे १०८६ मध्येही ‘ओसाड’ एवढंच लिहिलंय. पण दक्षिणेतल्या साध्या कुळाला मालकाची भाषा बदलली एवढाच फरक पडला असेल. जे खरोखर गुलाम होते, नोंदलेल्यांत दहात एक, त्यांची संख्या पुढे घटतच गेली. ११०२ला चर्चच्या सभेने माणसं गुरांसारखी विकायला बंदी घातली.

मार खाल्ला तो मधल्या माणसाने, ज्याची स्वतःची जमीन होती त्याने. इथून फार लांब नसलेलं मार्श गिबन नावाचं गाव आहे. तिथला एथेल्रिक एडवर्डच्या काळात मोकळा जमीनधारक होता. १०८६ मध्ये तीच जमीन तो विल्यम नावाच्या सरदाराकडून खंडाने कसतोय, आणि कारकुनाने पुढे दोन शब्द जोडलेत: ‘जड जातंय, हालात आहे.’ सगळ्या दप्तरात आकडेच आकडे, आणि इथे एका माणसाचं गाऱ्हाणं तसंच उतरलंय. कारकुनाला दया आली की एथेल्रिक हटूनच बसला, देव जाणे. मला दुसरं जास्त खरं वाटतं.

त्याच परगण्यात एल्फगिथ नावाची एक बाई सापडते. गॉड्रिक नावाच्या शेरीफने, म्हणजे परगण्यातल्या राजाच्या अधिकाऱ्याने, तिला थोडी जमीन दिली होती, आपल्या मुलीला जरीचं भरतकाम शिकवावं म्हणून. शिकवणीची फी जमिनीत!

तुझ्या जुन्या फेरफारांत, शेऱ्याच्या रकान्यात, असं काही कधी हाताला लागलंय का? लागलं असेल तर नक्कल काढून पाठव. वहिनींना नमस्कार, आणि बदलीचं काय ठरतंय ते कळव.

तुझा,
श्रीधर