सर्व्हेला बाजाराच्या दिवशी या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या प्रवेश पुरवणीत पदव्युत्तर अभ्यासक्रमांना चार पानं दिली होती. व्यवस्थापन, संगणक, परदेशी विद्यापीठं, सगळ्यांना ऐसपैस जागा. ‘नगर व प्रादेशिक नियोजन’ मात्र तळाच्या एका चौकटीत, तेही ‘वास्तुशास्त्राच्या पदवीधरांसाठी आणखी एक पर्याय’ म्हणून. आमच्याकडे वास्तुशास्त्र म्हटलं की लोक ईशान्य कोपरा कुठला ते विचारतात, ते सोडा. पण ती चौकट वाचून हे पत्र लिहायला बसलो.

मी नगररचना विभागात 1977 साली अनुरेखक म्हणून लागलो आणि 2012 साली आरेखक म्हणून निवृत्त झालो. शिक्षण आयटीआयचं, ड्राफ्ट्समन सिव्हिल. नियोजनाची पदवी माझ्याकडे नाही. ती असलेल्या साहेबांच्या पेन्सिलच्या रेघा शाईने गिरवण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. तेव्हा या शिक्षणाबद्दल मी बोलतोय ते खालच्या टेबलावरून, हे लक्षात ठेवून वाचावं.

1985 च्या सुमाराची गोष्ट. एका नगरपालिकेच्या विकास योजनेचा, म्हणजे कुठे रस्ता आणि कुठली जागा कशासाठी राखीव ते ठरवणारा, नकाशा माझ्याकडे होता. प्रमाण एकास पाच हजार, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पाच मीटर. माझ्या पेनाची रेघ अर्ध्या मिलिमीटरची. बारा मीटरच्या रस्त्याला एके ठिकाणी वळण होतं. फ्रेंच कर्व्ह लावला, रेघ ओढली, ट्रेसिंग क्लॉथवर शाई वाळली, अमोनिया प्रिंटा निघाल्या, यथावकाश योजना मंजूर झाली. चार-पाच वर्षांनी एक गृहस्थ ऑफिसात आले. पिशवीत मोजणीची नक्कल. म्हणाले, “माझी भिंत रेघेच्या आत का बाहेर, तेवढं सांगा.” मी भिंग घेऊन पाहिलं. भिंत आतही नव्हती आणि बाहेरही नव्हती. ती रेघेतच होती. अडीच मीटरच्या त्या रेघेत त्यांची ओटी आणि अर्धं स्वयंपाकघर मावत होतं. साहेबांनी त्यांना भूमी अभिलेखकडे पाठवलं, तिथून ते परत आमच्याकडे आले. किती वेळा आले ते मी मोजलं नाही. रेघेला जाडी असते हे त्या दिवसापर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता संगणकावर नकाशा हवा तेवढा मोठा करून पाहता येतो, रेघेच्या जाडीचा प्रश्न राहिला नाही, असं तरुण मंडळी सांगतात. असेल. पण संगणकातल्या त्या रेघेखाली अंथरलेला गाव नकाशा कुठल्या तरी जुन्या कागदावरूनच स्कॅन केलेला असतो. आणि कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. आमच्या कपाटातली घडी पडलेली नकलेची प्रत मी स्वतः इस्त्री करून दिलेली आहे.

आता त्या चौकटीकडे येतो. माझी भाची भूगोलात एम.ए. झाली. घरचे बी.एड. कर म्हणून मागे लागले होते. तिने शोधून काढलं की एम.प्लॅन.ला, म्हणजे नियोजनाच्या पदव्युत्तर पदवीला, आर्किटेक्ट आणि स्थापत्यवाल्यांबरोबर भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्रात पदव्युत्तर झालेलेही चालतात. सगळ्या संस्थांत नाही, पण दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरसारख्या ठिकाणी चालतात. तसल्याच शाळा 2008 साली भोपाळ आणि विजयवाड्याला निघाल्या. अहमदाबादला सेप्ट विद्यापीठ आहे. आपल्याकडे पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी, ही अभियांत्रिकीची कॉलेजं आहेत. गेट परीक्षेत ‘आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग’ असा वेगळा पेपरही असतो. यातलं एक अक्षर चौकटीत नव्हतं. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कॉलेजांतून भूगोल घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना हे कोण सांगणार?

भूगोलवाल्यांचा इथं काय संबंध, असं वाटणाऱ्यांसाठी एक जुना दाखला. आपल्या नगररचना विभागाची स्थापना 1914 ची आणि मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा 1915 चा, देशातला पहिला. त्याच सुमारास पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार हिंदुस्थानात येऊन गावोगाव हिंडत होते. 1919 साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. या माणसाची मूळ विद्या जीवशास्त्र. आधी गाव पायाखाली घाला, मग पेन्सिल उचला, हे त्यांचं सांगणं. आमचे एक जुने साहेब त्यांचं नाव फार घ्यायचे आणि स्वतः जीपमधून उतरायचे नाहीत.

भाचीला प्रवेश मिळाला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, चार सत्रं. त्यात ‘स्टुडिओ’ नावाचा प्रकार सगळ्यात मोठा. एखादं शहर घ्यायचं, त्याची पाहणी करायची, विद्यमान जमीन वापराचा नकाशा करायचा आणि त्यावर आपली योजना मांडायची. दुसऱ्या सत्रात तिच्या तुकडीच्या वाट्याला आमचंच तालुक्याचं गाव आलं. नऊ जण आले. मुली आमच्या माडीवर, मुलं स्टँडसमोरच्या लॉजवर. “मामा, गाव दाखवाल?” म्हणाली. निवृत्त माणसाला याहून काय पाहिजे? सोमवारपासून बुधवारपर्यंत तीन दिवस मी त्यांच्याबरोबर हिंडलो.

प्रत्येकाच्या हातात मोबाइल, त्यावर उपग्रहाचं चित्र. एकेका प्लॉटला रंग द्यायचा. निवासी पिवळा, वाणिज्य निळा, उद्योग जांभळा, सार्वजनिक तांबडा. हे रंग मी ब्रशने भरलेले, त्यामुळे गंमत वाटत होती. पेठेत एका घरापुढे केरळची एक मुलगी खोळंबून राहिली. पुढे पिठाची गिरणी, मागे संसार, वर शिकवणी, गच्चीवर विकायचे पापड. “अंकल, कौनसा कलर?” मी म्हटलं, आमच्या वेळी अशा घराला साहेब घाई असेल तर पिवळा द्यायचे. ती हसली नाही. तिने चारही वापर वहीत लिहून घेतले. मला बरं वाटलं.

बुधवारी संध्याकाळी काम आटोपलं. नकाशावर ओढ्याकाठचं मैदान त्यांनी ‘मोकळी जागा’ म्हणून कोरं सोडलं होतं. मी म्हटलं, उद्या गुरुवार आहे, थांबा. तिकिटं काढलेली होती, तरी चौघं थांबली.

पहाटे पाचला त्यांना तिथे नेलं. टेम्पो लागत होते. मिरच्यांची पोती, सुके बोंबील, कोंबड्यांचे खुराडे, बी-बियाणं, विळ्या-खुरप्यांना धार लावणारे, जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या बाया, पलीकडे शेळ्यांचा बाजार. नऊ वाजता पाय ठेवायला जागा नव्हती. भाचीने पथाऱ्या मोजायला घेतल्या, तीनशेच्या पुढे गेल्यावर सोडून दिल्या. मग त्यांनी चांगला प्रश्न काढला: तुम्ही कुठून आलात? विकणारे आणि घेणारे, बहुतेक सगळे आजूबाजूच्या गावांतले. नगरपरिषदेच्या हद्दीतले थोडेच.

हीच चूक आमच्या गावच्या मागच्या प्रारूप विकास योजनेत झालेली होती. सल्लागार कंपनीच्या माणसांनी पाहणी केली ती बाजाराचा वार सोडून, म्हणून मैदान मोकळं दिसलं, आणि त्यावर वाणिज्य संकुल व वाहनतळाचं आरक्षण पडलं. कायद्याप्रमाणे प्रारूप प्रसिद्ध झालं, हरकती-सूचनांना तीस दिवसांची मुदत मिळाली. नोटीस नगरपरिषदेच्या फलकावर. बाजारात बसणारे गुरुवारी येतात, पथारी मांडतात, उजेड असेतो विकतात आणि एसटीने परत जातात. फलक वाचणार कोण? सुनावणीला मी शेजाऱ्याच्या कामासाठी गेलो होतो. मिरच्या विकणारी एक बाई नियोजन समितीपुढे उभी राहिली. पहिला प्रश्न, “हरकत क्रमांक?” तिच्याकडे क्रमांक नव्हता, कारण तिच्याकडे गावात घर नव्हतं, प्लॉट नव्हता, सातबारा नव्हता. होता तो चाळीस वर्षांचा गुरुवार. ‘नगर’ आणि ‘प्रादेशिक’ हे दोन शब्द अभ्यासक्रमाच्या नावात एकत्र का असतात, ते मला त्या दिवशी समजलं. इतकी वर्षं त्या शब्दांच्या पाट्या रंगवूनही समजलं नव्हतं.

आरक्षण पुढे वगळलं गेलं. गावात सांगतात की समितीतल्या एकाच्या सासूबाई त्याच बाजारात अंडी विकायच्या. खरंखोटं मला माहीत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की एम.प्लॅन.च्या स्टुडिओत बाजाराचा दिवस सक्तीचा करा, आणि सुनावणीही सक्तीची करा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चा आहे. हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत लोकप्रतिनिधी तिघे आणि शासनाच्या बाजूने नेमलेले चारपर्यंत जाणकार असतात. विद्यार्थ्यांनी मत देऊ नये, मागे बाकावर बसून टिपणं घ्यावीत. कायद्याची कलमं त्यांना पाठ असतात. आरक्षित जागा दहा वर्षांत घेतली नाही तर मालक कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो, हे भाचीने मलाच सांगितलं. पण प्लास्टिकच्या पिशवीतून नोटीस काढताना त्या मालकाचा हात कसा थरथरतो, ते वर्गात कुठे दिसणार? चार सुनावण्या ऐकलेला विद्यार्थी उद्या नगररचनाकार झाला, तर रेघ ओढण्याआधी क्षणभर थांबेल.

दुसरी गोष्ट अहवालाची. मुलांनी मेहनतीने दीडशे-पावणेदोनशे पानांचा अहवाल केला. इंग्रजीत. तो त्यांच्या संस्थेच्या ग्रंथालयात गेला. आमच्या गावात एक प्रत नाही. नऊ जणांना चहा आम्ही पाजला, घरं आम्ही उघडून दाखवली, आणि आमच्याबद्दल काय लिहिलं ते आम्हालाच ठाऊक नाही! मी भाचीला फार बोललो. दिवाळीच्या सुटीत तिने बारा पानांचा मराठी गोषवारा करून दिला. तो मी सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलावर ठेवला. दोन दिवसांत रिक्षावाल्यांनी त्यातल्या तीन चुका काढल्या. ओढ्याचं नाव चुकलं होतं, जी बोळ आरपार दाखवली ती मध्येच बंद आहे, आणि तालमीची इमारत ‘गोदाम’ म्हणून रंगवली होती. फुकटात एवढी तपासणी कुठली कंपनी करून देईल?

विद्यार्थ्यांना दोष देण्याचा हेतू नाही. सत्र लहान असतं, पैसे खिशातले जातात, भाषा येत नाही. मराठी येणारी मुलं या शिक्षणात जास्त आली तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल, म्हणून तर त्या चौकटीचा मला राग आला. आणि माणसं हवी आहेत हो. नीती आयोगाने सप्टेंबर 2021 मध्ये अहवाल दिला. देशभरातल्या राज्यांच्या नगररचना विभागांत बारा हजारांवर नगररचनाकार लागतात, मंजूर पदं चार हजारांपेक्षा कमी, आणि त्यातली निम्मी रिकामी. अनेक राज्यांत या पदांसाठी नियोजनाचं शिक्षण आवश्यक अटही नाही, असंही त्यात म्हटलं आहे. ते वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. पदं रिकामी राहतात, कामं बाहेर दिली जातात, आणि बाहेरचा माणूस गाव पाहायला त्याच्या सोयीच्या वारी येतो.

पुढच्या पुरवणीत या विषयाला निदान अर्धं पान द्यावं, ही विनंती. आणि एखाद्या संस्थेची तुकडी आमच्या भागात येणार असेल तर आपल्यामार्फत कळवावं. माडीवर सहा जणांची सोय होते. पांघरुणं आणावीत, पहाटे ओढ्याकाठी गारवा असतो.

आपला,
एक निवृत्त आरेखक
(नाव व गाव छापू नये, ही विनंती. मैदानाचा विषय अजून मिटलेला नाही.)