नवी जोडी मागे टाक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. पत्र तीन पानांचं, त्यातली अडीच पानं टायरवर, आणि घरची खुशाली शेवटच्या दोन ओळींत. म्हणजे तू होतास तसाच आहेस. वहिनींच्या हाती हे उत्तर पडलं तर माझ्याही नावाने बोटं मोडतील, कारण मीही आता तेच करणार आहे.

फोटो नीट बघितले. पुढचे दोन्ही टायर गोटा व्हायच्या बेतात आहेत. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात ना, ते नक्षीच्या बरोबरीला यायला थोडंच बाकी आहे. तो उंचवटा १.६ मिमीचा असतो. तिथवर झिजलेला टायर बऱ्याच देशांत कायद्यानेच बाद. पावसाच्या दृष्टीने तो त्याच्या कितीतरी आधी बाद झालेला असतो. नव्या टायरची खाच साधारण ७ ते ८ मिमी खोल असते. माझे ३ मिमीवर आले की मी नव्याची तजवीज सुरू करतो. मागच्यांबद्दल तू ‘अजून मस्त आहेत’ एवढंच लिहिलंयस. मस्त म्हणजे किती मिलिमीटर ते मोजून कळव.

कारण पत्रातला तुझा बेत वाचून मला धडकी भरली. नवे दोन पुढे घालायचे आणि मागचे तसेच राहू द्यायचे! वरकरणी यात चूक काहीच दिसत नाही. इंजिन पुढे, गाडी ओढणारी चाकं पुढे, वळवणारी तीच, ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच. मग चांगला माल पुढे नको का? मीही नेमका हाच हिशेब केला होता. तुला कधी सांगितलं नाही, लाज वाटली म्हणून. आज सांगतो.

आधीच्या हॅचबॅकला मी नवी जोडी पुढे घातली. बसवणाऱ्याने एकदा विचारलं, ‘मागे टाकू का?’ मी त्याला वर शहाणपण शिकवलं. पहिले दोन-तीन आठवडे कोरडे गेले. गाडीचं नाक असं चटकन वळायचं की मी स्वतःवर खूश. मग पहिला जोरदार पाऊस आला. रोजच्या रस्त्यावरचं उताराचं लांबट वळण, वेगही रोजचाच. मध्यावर आलो तेव्हा पुढे साचलेलं पाणी दिसलं आणि मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. केलं ते एवढंच. गाडीचा भार पुढे सरकला, मागची चाकं हलकी झाली, आणि मागच्या झिजलेल्या टायरांना पाणी फोडता येईना. नाकाने वळण घट्ट धरून ठेवलं, शेपूट मात्र आपल्या वाटेने निघालं. मी उलट स्टिअरिंग मारेपर्यंत गाडी फिरून आलेल्या दिशेला तोंड करून उभी होती. समोरून कोणी येत नव्हतं, यात माझं कर्तृत्व शून्य.

पुढचं चाक सुटतं तेव्हा स्टिअरिंग हलकं पडतं, हातांना बातमी लागते. वेग थोडा उतरला की चाक पुन्हा पकडतं. मागचं सुटतं तेव्हा हातांना काहीच कळत नाही. कळतं ते कमरेला, आणि तोवर उशीर झालेला असतो. तुझ्या गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल आहे हे मला ठाऊक आहे. पण तो मुख्यतः एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सावरतो, आणि तो ब्रेक लागायलाही टायरला रस्ता धरावाच लागतो. म्हणूनच मोठ्या टायर कंपन्याही दोनच टायर नवे घेणाऱ्याला नवी जोडी मागे टाकायला सांगतात, गाडी पुढून ओढणारी असली तरी.

तेव्हा दोनच घ्यायचे असतील तर ते मागे टाक आणि मागचे पुढे आण. पुढे ते लवकर झिजतील, मग पुढची नवी जोडी पुन्हा मागे. हे चक्र लागलं की टायर पडून पडून म्हातारेही होत नाहीत. मात्र मागचे ४ मिमीच्या आसपास आले असतील तर चारही एकदम बदल. एका टोकाला तडफदार नवं मॉडेल आणि दुसऱ्या टोकाला गाडीसोबत आलेला साधा टायर, अशी जोडगोळी मला तरी भिववते.

आता रुंदीचं बोलू. २०५/४५ आर१७ (रुंदी २०५ मिमी, बाजूची उंची तिच्या ४५ टक्के, रिम १७ इंची) काढून २१५ किंवा २२५ घालायचा तुझा मोह मी समजू शकतो. मागून बघितलं की गाडी कशी ठाण मांडून बसल्यासारखी दिसते! पण रुंद टायर घेतला म्हणजे जास्त रबर रस्त्याला टेकतं, हा समज अर्धाच खरा. गाडीचं वजन तेच, हवा तेवढीच, तर टेकणारा तुकडाही जवळजवळ तेवढाच राहतो. बदलतो त्याचा आकार, लांबट होता तो आडवा होतो. कोरड्या वळणावर हा आडवा तुकडा उपयोगी पडतो. पाण्यात तोच अंगावर येतो, कारण पुढ्यातलं जास्त पाणी तेवढ्याच वेळात बाजूला सारायचं असतं.

शिवाय व्यासाचा हिशेब आहे. तुझ्या आत्ताच्या टायरचा व्यास ६१६ मिमी. २१५/४५ घातलास तर ६२५, म्हणजे दीड टक्का मोठा. काटा १०० दाखवेल तेव्हा तू आधीपेक्षा दीड किलोमीटर जास्त वेगात असशील. २१५/४० घातलास तर ६०४, दोन टक्के लहान, आणि खड्ड्यात रिम वाकायची भीती वेगळी. यातलं काहीच जीवघेणं नाही, पण मिळणार काय? १९७६ साली फोक्सवॅगनची पहिली गोल्फ जीटीआय आली ती १७५/७० मापाच्या, १३ इंची टायरवर, आणि होंडाची आजची सिव्हिक टाइप आर येते २६५/३० आर१९ वर. एवढी रुंदी पेलायला त्या गाडीचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग तिच्यासोबतच घडवलेलं आहे. तुझी गाडी २०५ वर घडवलीय. मूळ माप ठेव. मापापुढचा ८८ हा आकडाही खाली जाऊ देऊ नकोस. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८४ म्हणजे ५००.

आणि तिसरा पर्याय, ज्याच्यावर तू आख्खं पान लिहिलंस: ट्रॅकवाले चिकट टायर. टायरच्या अंगावर ‘ट्रेडवेअर २००’ लिहिलेलं बघून तुझे डोळे चमकले असणार. हा आकडा अमेरिकन पद्धतीचा आहे. नमुन्याच्या टायरला १०० धरून, त्याच्या तुलनेत आपला किती टिकेल हे कंपनी स्वतःच तपासते आणि स्वतःच छापते. आकडा लहान म्हणजे टायर कमी टिकणारा, आणि सहसा जास्त चिकट. त्यामुळे एका कंपनीचे दोन टायर ताडून बघायला तो ठीक, दोन कंपन्यांमध्ये जेमतेम. तिकडच्या बऱ्याच हौशी शर्यतींत २०० ची किमान अट असते. आता इतके सगळे चिकट टायर बरोब्बर २०० वरच कसे येऊन थांबतात, हे तूच ओळख.

मी तसले एक हंगाम वापरलेत. कोरडा, तापलेला रस्ता असला की स्वर्ग. ब्रेक दाबला की गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी थांबायची. पण सकाळी गार टायरवर निघालं की पहिली पंधरा-वीस मिनिटं चाकांना प्लास्टिक लावल्यासारखं वाटायचं. उन्हाळी म्हणवणारा कुठलाही टायर ७ अंशांच्या खाली कडक पडू लागतो. हे तर त्याच्या बऱ्याच आधी रुसायचे. नक्षी जेमतेम, म्हणून साचलेल्या पाण्यात जीव मुठीत. आणि आवाज! गरम रबराला खडी चिकटायची आणि चाकाच्या कमानीत ताडताड उडायची. शेजारी बसलेल्या माणसाने एकदा विचारलं, ‘काही तुटलंय का?’ रोज ऑफिसला जायचं आणि वर्षाकाठी एक-दोनदा ट्रॅकवर, अशा माणसाने यांच्या वाटेला जाऊ नये. ते एक-दोन दिवस चांगले रोडचे टायरही मजेत काढून देतात.

रबराचं मूळ गणित मला पुष्कळ उशिरा कळलं. रस्त्यावरच्या बारीक खडीवर रबर दबतं आणि पूर्वपदाला यायला किंचित आळस करतं. त्या आळसातूनच पकड येते. पण चाक फिरताना टायर प्रत्येक फेरीत दबून उठतो, तिथे हाच आळस इंधन खातो आणि टायर तापवतो. पूर्वी एक हवं तर दुसरं सोडावं लागे. १९९० च्या दशकात काजळीच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका घालायला सुरुवात झाली आणि ही गाठ सैल झाली. खडीवरची दाब-उठ सेकंदाला हजारो वेळा होते, चाकाच्या फेऱ्यांची दहा-वीस वेळा. सिलिकाचं मिश्रण पहिल्या ठिकाणी आळशी आणि दुसऱ्या ठिकाणी चपळ राहू शकतं. ओल्या रस्त्यावरची आजची पकड ही मोठ्या अंशी या मिश्रणाची कमाई आहे, नुसत्या नक्षीची नाही.

म्हणून लेबलवर मी आधी ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं अक्षर बघतो. युरोपातल्या लेबलवर २०२१ पासून ए ते ई अशा पाच पायऱ्या आहेत. तिथे ए हवा. इंधनाच्या रकान्यात सी निघाला तरी मी कुरकुरत नाही. स्टिअरिंग हाताशी किती बोलतं हे मात्र कुठल्याच लेबलवर नसतं. ते साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, कडकपणावर बरंच अवलंबून असतं, आणि तो ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग.

नावंच विचारतोस तर मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ५, गुडइयरचा ईगल एफ१ असिमेट्रिक ६ आणि ब्रिजस्टोनचा पोटेन्झा स्पोर्ट. तिघेही रस्त्यासाठीचे, तिघेही जलद गाडीसाठीचे. तुझ्या मापात यातला जो ताज्या तारखेचा मिळेल तो बिनधास्त घे. मी गुडइयरवर आहे, पण ते माझ्या सवयीचं आहे म्हणून. त्यावरून भांडायची माझी तयारी नाही. तारीख साइडवॉलवरच्या शेवटच्या चार आकड्यांत असते. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. चारही टायरांवरचे आकडे स्वतः वाच, खाली वाकायला लाजू नकोस.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण फोटोत दिसतेय. डाव्या पुढच्या टायरची आतली कड बाहेरच्यापेक्षा जास्त खाल्ली गेलीय. तळहात नक्षीवरून आडवा फिरव. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर चाकांचं तोंड बिघडलंय. बॅलन्सिंग तर करशीलच, पण अलाइनमेंटही त्याच दिवशी करून घे, नाहीतर पुढे येणारे टायरही तसेच जातील. वर सांगितलेल्या तिन्ही टायरांची नक्षी दोन बाजूंना वेगवेगळी असते, त्यामुळे ‘बाहेरची बाजू’ असं लिहिलेली बाजू बाहेरच आली का तेही बघ.

हवा गार टायरमध्ये भर, दाराच्या खांबावरच्या कागदावर लिहिलंय तेवढीच. विमानांच्या चाकांवरून नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात एक सूत्र काढलं: हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ गुणिले नऊ, तेवढ्या नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) चाक पाण्यावर तरंगू लागतं. ३६ पीएसआयला ५४ नॉट, म्हणजे ताशी १०० किमी. हवा २५ वर उतरली तर ८३. नक्षी चांगली असलेल्या गाडीच्या टायरला हे जसंच्या तसं लागू नाही, पण हवा कमी ठेवली की पाणी लवकर गाठतं, एवढं त्यावरून उमगतं. आणि नवे टायर पहिले तीनशे किलोमीटर जरा सांभाळून चालव. साच्यातून काढताना लावलेला निसरडा थर जायला तेवढं फिरावं लागतं.

मागच्या टायरची खोली प्रत्येकी तीन ठिकाणी मोज: आत, मध्ये, बाहेर. आकडे आले की दोन की चार, ते कळवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
(उलटं तोंड करून उभा राहिलेला)

ता. क. टायर उतरवतील तेव्हा रबरी व्हॉल्व्ह नवे टाकून घे. आणि चाकांत हवेचे सेन्सर असतील तर बसवणाऱ्याला आधीच सांग. पहारीचा एक धक्का त्यांना पुरतो.