विठूच्या ओव्हरटाइमविषयी दिगूला

साखळी, गोवा
रविवार, 16 जून 2024

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

तुझे दोन्ही लांब निरोप मिळाले होते. उत्तर गेले नाही, त्याचा राग आला असेल तर तो रास्त आहे. आमच्याकडे सगळे बरे आहेत, माझी साखर गोळीवर ताब्यात आहे आणि आईचे गुडघे पावसात जसे असतात तसेच आहेत. आज लिहायला बसलो तो आपल्या बॉयलरवरच्या विठूसाठी. माशेलच्या पुढे, आमोण्याच्या पुलाच्या अलीकडे त्याची स्कूटर घसरून मांडीचे हाड मोडले, हे कामावरच्या बाबलने तुला फोनवर सांगितलेच असेल, आणि त्याच्याच पुढे त्याने हेही सांगितले असेल की पोराला ओटीची, म्हणजे ओव्हरटाइमची, हाव सुटली होती. हे वाक्य सध्या आमच्याकडे कँटीनपासून गेटपर्यंत सगळीकडे ऐकू येते. ते खोटे आहे, दिगू. ते का खोटे आहे हे फार न समजावता ज्याला सांगता येईल असा तूच उरला आहेस, कारण गेज ग्लासमधली पाण्याची पातळी वाचायला त्या पोराला तू शिकवलेस.

त्या दिवशी त्याची सेकंड शिफ्ट होती. रात्री अकराला रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही. बॉयलर पेटलेला होता, वर ड्रायरला वाफ हवी होती, आणि बॉयलरचे सर्टिफिकेट असलेला माणूस समोर नसताना चालू बॉयलर सोडून जाता येत नाही हे तुला मी सांगायला नको. शिफ्ट इन्चार्जने इकडेतिकडे फोन लावले आणि शेवटी विठूलाच सांगितले की कंटिन्यू कर. त्याने ओटी मागितली नव्हती. सकाळी सातला हँडओव्हर मी घेतला. तोंड धुऊन, रेनकोट घालून तो उभा होता, पाणी आणि प्रेशर सांगितले, फीड पंपाचा ग्लँड गळतो आहे तेवढे बघा म्हणाला आणि गेला. तो गेल्यावर मी लॉगशीट पाहिली. रात्री दोनपर्यंतच्या ओळी त्याच्या नेहमीच्या शाळकरी, सुबक अक्षरात होत्या. चारच्या ओळीत आकडे रेषेखाली घसरले होते, आणि 10.2 हे वाफेचे प्रेशर चुकून फीड वॉटरच्या तापमानाच्या रकान्यात पडले होते. ते त्याने एका सरळ रेघेने खोडले होते, शेजारी सही केली होती आणि योग्य रकान्यात पुन्हा लिहिले होते. पहाटे चारला, तेरा तास उभे राहून झाल्यावर, ज्या माणसाला आपली चूक दिसते आणि तो ती नियमाप्रमाणे दुरुस्त करतो, त्याला हावरा म्हणणाऱ्यांनी ती लॉगशीट एकदा डोळ्यांसमोर धरावी, असे मला फार वाटते.

एचआरचे म्हणणे असे की तो पंच करून बाहेर पडला होता, त्यामुळे हा रस्त्यावरचा अपघात, कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. मी त्यांना सांगितले की 2010 च्या दुरुस्तीने ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कायद्यात 51-ई कलम आले आहे, आणि घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि कामाचा संबंध दाखवता आला तर कामावरचाच धरला जातो. विठूचा पगार 21,000 च्या मर्यादेत असल्यामुळे तो ईएसआयमध्ये आहे. अपघात कामावरचा मानला गेला तर अंथरुणात असेपर्यंत त्याला सरासरी रोजच्या 90 टक्के रक्कम मिळेल, आणि नाही मानला तर ती मिळणार नाही. त्यासाठी कंपनीने अपघाताचा अहवाल धाडायला हवा. तो अजून टेबलावर आहे. मी रोज विचारतो.

बांबोळीच्या हॉस्पिटलातून त्याला घरी आणल्यावर मी भेटायला गेलो. विठू औषधाने झोपला होता. त्याच्या बायकोने मला ओसरीवर बसवले, चहा दिला आणि आतून पगाराच्या स्लिपा आणून माझ्यासमोर मांडल्या. घराच्या कर्जाचा हप्ता 7,900 रुपये. त्या महिन्याची ओटी 8,000. मागच्या महिन्याचीही जवळजवळ तेवढीच. तिने मला विचारले, ‘‘दादा, त्या रात्रीचे आठ तास ह्या पगारात धरतील ना?’’ आणि मी निघताना म्हणाली, ‘‘युनियनमध्ये ओटी बंद करायचे चालले आहे म्हणतात. तेवढे करू नका.’’ मला त्यावर काहीच बोलता आले नाही. खाणी 2012 साली बंद पडल्या तेव्हा तिच्या सासऱ्याचा टिपर ट्रक दारात गंजत उभा होता आणि त्याचे हप्ते चालू होते, हे आपण दोघांनी पाहिले आहे. त्या घरात हप्ता चुकण्याची भीती भिंतीत मुरलेली आहे. आयटीआय करून आलेला पोरगा कायम नोकरी लागली म्हणून देवाला नारळ ठेवतो, आणि मग त्याला कळते की मूळ पगारात घर उभे राहत नाही, त्यासाठी रात्री विकाव्या लागतात.

घरी येऊन मी त्या स्लिपांचा हिशेब मांडला, आणि तेव्हापासून मला झोप लागत नाही. नीट वाच. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000, बाकीचे भत्ते 7,800, एकूण 20,800. 26 दिवस आणि 8 तास धरले तर महिन्याचे तास होतात 208. म्हणजे त्याचा एक तास बरोबर 100 रुपयांचा, आणि दुप्पट दराने ओटी ताशी 200. कंपनी मात्र दुप्पट काढते ती फक्त 13,000 वर, म्हणजे ताशी 125. कारखाना अधिनियम 1948 चे कलम 59 आपण कँटीनमध्ये एकमेकांना वाचून दाखवत असू. त्यात साधारण दर म्हणजे मूळ पगार आणि त्या वेळी मिळण्याचा हक्क असलेले भत्ते असे म्हटले आहे, वगळले आहे ते फक्त बोनस आणि ओटीचा पैसा. आता पुढचे बघ. 125 च्या दराने 8,000 रुपये मिळवायला 64 तास लागतात, म्हणजे आठ डबल, आपल्या पाळीला जोडून केलेल्या आठ जादा पाळ्या. 200 च्या दराने तेच 8,000 रुपये 40 तासांत, पाच डबलमध्ये मिळतात. महिन्याच्या तीन रात्री, दिगू. ह्या तीन रात्री विठू आपल्या बायकोपोरांजवळ झोपला असता आणि हप्ता तरीही वेळेवर गेला असता. हाव कोणाला म्हणायचे ते ह्या आकड्यांनी सांगितले आहे, आणि मी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहे.

शिवाय हा पैसा मागे काही ठेवत नाही. ओटीवर पीएफ कापला जात नाही, रजेच्या पगारात ती येत नाही, ग्रॅच्युइटी शेवटच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर वर्षाला 15 दिवसांची निघते तिच्यातही ओटीला जागा नाही. ईएसआयची वर्गणी तेवढी ओटीवरही कापतात. कारखान्यातले आपले काका निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या हातात आलेला चेक पाहून त्यांचा मुलगा म्हणाला होता, एवढ्या रात्री बाबा घरी नव्हते त्या कुठे गेल्या? तू तेव्हा मस्कतला गेला होतास. मी तिथे होतो.

तुझे-माझे ह्याच गोष्टीवरून किती भांडण झाले होते, ते आठवते ना? ‘ओटीवर घर बांधू नको’ असे तू मला नाईटला चहाच्या वेळी सुनावले होतेस आणि मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नव्हतो. आजही मला तुझे ते म्हणणे मान्य नाही. डबल सरसकट बंद करा असे तू म्हणत होतास, पण बंद करून बॉयलरसमोर उभे कोणाला करणार? एकाच माणसाला पर्यायच नसेल तर नियम कागदावर राहतो. रिलीव्हर न आल्यास पुढची पाळी करू देण्याची वाट कायद्यानेच ठेवली आहे, पण ती अपवादाची वाट होती आणि आमच्याकडे तिचा हमरस्ता झाला. बॉयलरच्या सेकंड क्लास सर्टिफिकेटच्या परीक्षेला दोन हेल्पर बसवा, त्यांची फी कंपनीने भरावी, अभ्यासाला सुट्टी द्यावी, एवढे केले असते तर त्या रात्री फोन लावायला माणूस असता. हे मागणे आपण तेव्हाच्या मागणीपत्रात घातले होते आणि पणजीत पाटोवर लेबर कमिशनरसमोर बसल्यावर पहिल्याच फेरीत सोडून दिले गेले, कारण सगळ्यांचे लक्ष वाढीच्या रकमेवर होते. त्या दिवशी बाहेर येऊन आपण मिरची भजी खाल्ली होती आणि तू एकही शब्द बोलला नव्हतास.

आणि झोपेचे म्हणशील तर ती काय असते ते तुझ्या गावच्या, हरवळ्याच्या, प्रेक्षकांनीही पाहिले आहे! नाईट करून तू उत्सवातल्या नाटकात बादशहा झालास आणि भर दरबारात सिंहासनावर घोरायला लागलास. वजिराने तीनदा कुर्निसात केला तरी तू हलला नाहीस, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या की बादशहाचा माज काय सुंदर दाखवला! वहिनी अजूनही ते सांगताना डोळ्यांना पदर लावतात. विठू त्या वेळी पडदा ओढायला होता.

आमच्या घरी नाईटच्या आठवड्यात दुपारी बारापर्यंत कुकर लावत नाहीत, शीत, म्हणजे भात, टोपात शिजते. मुलगी लहानपणी दुसऱ्यांच्या घरी गेल्यावर शिटी ऐकून दचकायची. आता ती बारावीला आहे, आणि परवा तिने आईला सांगितले की लग्न करीन तर शिफ्टवाल्याशी करणार नाही. बायको हसली, मीही काही बोललो नाही, पण ते शब्द लागले. चवथीची, गणेश चतुर्थीची, शिफ्ट अजून चिठ्ठ्या टाकूनच ठरते आणि गणपतीवरची फळांची माटोळी बांधायला गेली काही वर्षे मेहुणाच येतो.

माझ्यापुढची अडचण अशी आहे. अपघातानंतर कंपनीने एक छापील कागद काढला आहे. ‘मी स्वेच्छेने जादा काम करण्यास वर्षभर तयार आहे’ असे त्यावर लिहिलेले आहे आणि शनिवारपर्यंत सह्या हव्या आहेत. जो सही करणार नाही त्याचे नाव ओटीच्या यादीतून जाईल, हे कोणी लिहिलेले नाही, पण सगळ्यांना कळले आहे. बरेच जण सही करून मोकळे झाले, आणि मी त्यांना दोष देत नाही. मी अजून केलेली नाही. येत्या रविवारी युनियनची सभा आहे. तिथे मी उठून म्हणणार की आधी दर दुरुस्त करा, मागची थकबाकी द्या, सर्टिफिकेटवाली माणसे वाढवा आणि मूळ पगार एवढा करा की हप्ता ओटीवर टेकून राहणार नाही. मग ज्याला खरोखर स्वेच्छेने थांबायचे आहे तो थांबेल. पण ह्याचा अर्थ बाबल असा लावणार की सुरेशला आपली ओटी बुडवायची आहे. त्याचे दोन मुलगे इंजिनिअरिंगला आहेत, त्याची भीती मला समजते. सभा त्याच्या बाजूला गेली तर विठूच्या बायकोलाही वाटेल की मी तिचे ऐकले नाही. तिचे ऐकूनच मी हा आकड्यांचा मार्ग धरला आहे, हे तिला आकड्यांशिवाय कसे सांगू?

तुझा नवा प्लांट कसा आहे, आठ तासांचा की बारा तासांचा, ते लिही. उद्या तिकडे ईद, सुट्टी मिळाली असेल अशी आशा. धाकट्याचे दहावीचे गुण वहिनींकडून कळले, त्याचे मनापासून अभिनंदन. तो डिचोलीत सायन्सला जातो म्हणाला, चांगले केले. तुझ्या आईच्या डोळ्याचे ऑपरेशन पावसानंतर करायचे ठरले असेल तर मी घेऊन जाईन, त्याची चिंता करू नको.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. युनियन आणि कंपनीतल्या जुन्या 12(3) च्या कराराची प्रत आणि मागणीपत्राचा तुझ्या हातचा मसुदा हरवळ्याच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत असणार. युनियनच्या कपाटात शोधले, तिथे नाही. तुझ्या आईला फोन करून ट्रंक उघडू दे म्हणून सांग, मी बुधवारी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर जाऊन घेईन. दुसरे म्हणजे रविवारच्या आत बाबलशी बोल. माझे तो ऐकणार नाही, तुझे ऐकतो. त्याला दर ठरवायचा हिशेब मी लिहिला आहे तसाच सांग, 125 आणि 200, आठ आणि पाच, आणि त्याच्या स्वतःच्या स्लिपवर तो करून बघायला सांग. त्याच्या पगाराचा आकडा मोठा आहे, त्यामुळे त्याचे तासामागे किती जातात ते त्याला स्वतःलाच काढू दे. मग तो सभेत गप्प बसला तरी मला चालेल.

तुझा,
सुरेश