आमवाताच्या रुग्णाचा रक्तदाब मोजायचा कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन आणि १२ ऑक्टोबरला जागतिक संधिवात दिन. मध्ये जेमतेम तेरा दिवस. पहिल्याला तेलातुपावर लेख येतो, दुसऱ्याला गुडघ्यांच्या व्यायामावर. या दोन लेखांची कधी गाठ पडत नाही, म्हणून हे पत्र.

मला १४ वर्षांपासून आमवात आहे, डॉक्टरांच्या भाषेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. वयोमानाने गुडघे झिजतात, तो हा नव्हे. यात प्रतिकारशक्तीच आपल्या सांध्यांवर उलटते. सकाळी बोटं इतकी आखडतात की दुधाची पिशवी दातांनी फोडावी लागते.

गेल्या वर्षी दोन दिवस जबडा दुखत होता. आमवात जबड्याच्या सांध्यातही शिरतो हे ठाऊक असल्याने मी शेकत बसले आणि मेडिकलमधून डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळ्यांची पट्टी मागवली. तिसऱ्या दिवशी दरदरून घाम फुटला तेव्हा मुलगा ईसीजीला घेऊन गेला. हार्ट अटॅक होता.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, ‘‘बीपी कधीपासून आहे?’’ मला बीपी आहे हेच मला माहीत नव्हतं! माझ्या जाडजूड फायलीत मेथोट्रेक्झेट या आमवातावरच्या औषधासाठी लागणारे रक्ताचे, लिव्हरचे रिपोर्ट ओळीने लावलेले आहेत. रक्तदाबाचा आकडा फक्त पहिल्या केसपेपरवर. सांध्यांच्या डॉक्टरांना वाटलं, फॅमिली डॉक्टर बघत असतील; फॅमिली डॉक्टरांना वाटलं, बाई मोठ्या डॉक्टरांकडे जातातच की.

सांधे सुजवणारा दाह रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही सोडत नाही. आमवाताच्या रुग्णाला हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट धरावा आणि तो किमान पाच वर्षांतून एकदा तपासावा, असं युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची ‘युलार’ ही संघटना केव्हापासून सांगते आहे. यात एक चकवाही आहे. दाह जोरात असताना कोलेस्टेरॉल उलट उतरलेलं दिसतं. माझंही ‘छान’ होतं.

त्यात औषधांची भर. स्टिरॉइडने साखर आणि रक्तदाब चढतो. रोफेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी हृदयाच्या धोक्यामुळेच २००४ मध्ये जगभरातून मागे घेतली गेली. डायक्लोफिनॅकही त्या बाबतीत निर्धोक नाही, तरी चिठ्ठीशिवाय मिळतं. हे औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरू लागली म्हणून जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक आपण २००६ मध्ये बंद केलं (कारण वेगळं होतं, मान्य), पण माणसाला निदान ‘हृदयाचा त्रास आहे का?’ एवढं तरी काउंटरवर विचारावं. मात्र हे वाचून कोणी मेथोट्रेक्झेट परस्पर बंद करू नये. दाह आटोक्यात राहणं हृदयाच्याही हिताचंच आहे.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणच्या पाहणीत साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला हा आजार आढळला होता. म्हणजे तालुक्याच्या गावीसुद्धा आम्ही कमी नाही, आणि आमच्यात बायकाच जास्त. माझी मागणी साधी आहे : संधिवाताच्या ओपीडीत केसपेपर आत जाण्याआधी रक्तदाब मोजला जावा, आणि साखर व चरबीची तपासणी ठरावीक काळाने व्हावी.

परवा तपासणीला गेले तेव्हा मीच बाही वर सारून बीपीचं मशीन मागितलं. सिस्टरनी ते कपाटातून शोधून काढलं. सेल संपले होते.

– एक वाचक, सातारा